आजोबांचे राष्ट्रीयत्व : गोमंतकीयांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील वंशाधिष्ठित हक्क – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वंशावळ हा शब्द बारामती व इंदापूर परिसरातील वाचकास नवा नाही. जमिनीच्या वारसाची नोंद गाव नमुना ६-क मध्ये करावयाची असो किंवा जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यावयाची असो, अर्जदारास आपल्या वडिलांचे, आजोबांचे व पणजोबांचे नाते कागदावर सिद्ध करावे लागते. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्यासाठी कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतील म्हणजे गाव नमुना १४ मधील एखादी ओळ शोधत कुटुंबेच्या कुटुंबे अभिलेख कक्षात फेऱ्या घालतात. इंदापूर तालुक्यातील जी जमीन उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली, तिच्या खातेदारांच्या वारसांना प्रकल्पग्रस्त म्हणून मिळणारा दाखला हेही याच प्रकारचे उदाहरण होय. जमीन पाण्याखाली गेली, परंतु तिच्यातून निर्माण झालेला हक्क कागदाच्या आधारे पुढील पिढीकडे आला.

ज्या भूमीवरील सत्ता संपुष्टात आली, त्या भूमीत जन्मलेल्या पूर्वजाच्या आधारे आज एखाद्या परक्या देशाचे नागरिकत्व मागता येते काय, हा प्रश्न वरील उदाहरणांशी जवळचा आहे. त्याचे मराठी भाषकांच्या सर्वांत निकटचे उत्तर गोव्यात सापडते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा अंत झाला. त्यानंतर सहा दशके उलटली तरी त्या दिवसापूर्वी गोव्यात जन्मलेल्या व्यक्तीची मुले व नातवंडे पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी अर्ज करीत आहेत. या हक्काचा उगम कशात आहे, तो कोणत्या कागदांवर उभा आहे आणि त्याची किंमत काय द्यावी लागते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) वंशाधिष्ठित नागरिकत्वाच्या तत्त्वाची थोडक्यात ओळख करून घेणे.
२) गोमंतकीयांच्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाची ऐतिहासिक व कायदेशीर पार्श्वभूमी तपासणे.
३) १९६२ चा भारत सरकारचा आदेश व पोर्तुगालचे कायदे यांची तुलना करणे.
४) या हक्काचे गोमंतकीय कुटुंबांवर झालेले परिणाम स्पष्ट करणे.

रक्ताचा नियम व मातीचा नियम :

नागरिकत्व ठरविण्याचे दोन मुख्य मार्ग जगभर रूढ आहेत. व्यक्ती ज्या भूमीवर जन्मली त्या भूमीच्या राज्याची ती नागरिक, हा मातीचा नियम होय. व्यक्ती ज्या आईवडिलांच्या पोटी जन्मली त्यांचे नागरिकत्व तिचे, हा रक्ताचा नियम होय. बहुतेक देशांनी या दोहोंचे मिश्रण स्वीकारले आहे.

रक्ताच्या नियमाचे प्रसिद्ध उदाहरण इटलीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लक्षावधी इटालियन माणसे अमेरिका, ब्राझील व अर्जेंटिना येथे गेली. १९१२ च्या कायद्याने नागरिकत्व प्रामुख्याने पित्याकडून अपत्याकडे जात असे आणि किती पिढ्यांपर्यंत ते जाईल याला मर्यादा नव्हती. मधल्या एखाद्या पूर्वजाने मुलाच्या जन्मापूर्वी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असल्यास मात्र साखळी तुटे. आईकडून मिळणारा हक्क १ जानेवारी १९४८ नंतर जन्मलेल्यांनाच मान्य होता. त्यापूर्वीच्या जन्मांसाठी वारसांना न्यायालयात जावे लागले. १९९२ च्या कायद्याने दुहेरी नागरिकत्वास मोकळीक दिली आणि पणजोबा-खापरपणजोबांच्या आधारे अर्ज करणाऱ्यांची गर्दी वाढली. अखेर मार्च २०२५ मधील अध्यादेशाने व मे २०२५ मध्ये त्याचे रूपांतर झालेल्या कायद्याने हा हक्क सर्वसाधारणपणे आईवडील व आजी-आजोबा या दोन पिढ्यांपुरता मर्यादित केला.

इटलीचा पूर्वज आपली भूमी सोडून परदेशी गेला होता. गोव्याच्या प्रकरणात पूर्वज आपल्या गावातच राहिला, घर व शेतही तेथेच राहिले. बदलले ते त्या भूमीवरील राज्य. म्हणूनच गोव्याच्या प्रश्नाचे स्वरूप स्थलांतराच्या प्रश्नाहून निराळे ठरते आणि त्याचा विचार सत्तांतराच्या इतिहासात करावा लागतो.

गोव्यातील वंशाधिष्ठित हक्क व नोंदींची परंपरा :

वंशावरून हक्क ठरविण्याची पद्धत गोव्यात पोर्तुगीजांच्या आधीपासून आहे. गावकारी ही तेथील प्राचीन ग्रामसंस्था होय. गावाची सामाईक जमीन मूळ गावकरांच्या वंशजांकडे असे आणि तिच्या उत्पन्नातील वाटा पुरुष वारसांना मिळे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा शहर जिंकल्यावर ही व्यवस्था मोडली नाही. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया याने गावकाऱ्यांच्या रूढी सनदेच्या रूपाने नोंदवून घेतल्या. पुढे कोमुनिदाद या नावाने तिच्या संहिता तयार झाल्या. त्यांतील शेवटची संहिता १९६१ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या वर्षी निघाली. देवस्थानांच्या महाजनकीची नोंदही याच धर्तीवर ठेवली गेली. वंश म्हणजे नोंदवहीतील नाव, ही जाणीव गोमंतकीय समाजात अशी मुरलेली होती.

नोंदींच्या बाबतीत पोर्तुगीज राज्ययंत्रणा दक्ष होती. गोव्याच्या अभिलेखागाराची स्थापना १५९५ मध्ये झाली आणि इतिहासकार दियोगो द कोतो याच्याकडे त्याचा कारभार सोपविण्यात आला. ख्रिस्ती प्रजेच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या नोंदी चर्चमध्ये ठेवल्या जात. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नागरी नोंदणीची व्यवस्था सर्व धर्मीयांसाठी रुजत गेली. आज लिस्बनकडे जाणाऱ्या अर्जांचा मुख्य आधार याच नोंदवह्या आहेत.

या नोंदी जेवढ्या मोलाच्या आहेत तेवढ्याच अडचणीच्याही आहेत. पोर्तुगीज लेखनपद्धतीत ‘श’ या ध्वनीसाठी ‘एक्स’ हे अक्षर वापरले जाई, तर ‘क’ चे लेखन पुढील स्वरानुसार बदले. ‘प्रभू’ हे आडनाव कागदावर ‘पोरोबो’ झाले, तर ‘कामत’ हे ‘कामोतीं’ झाले. मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यावर हीच नावे इंग्रजी वळणाने लिहिली गेली. परिणामी आजोबा, वडील व नातू यांचे एकच आडनाव तीन कागदांवर तीन रूपांत आढळते. एकाच घराण्याची माणसे कागदावर परस्परांना परकी ठरतात आणि नातेसंबंध सिद्ध करण्याआधी नावाचे ऐक्य सिद्ध करावे लागते.

पोर्तुगीज नागरिक म्हणून गोमंतकीय :

गोव्यातील जनता केवळ पोर्तुगीज राज्याची प्रजा होती की तिला नागरिक हा दर्जाही होता, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. पोर्तुगीज नागरिक कोण, याची व्याख्या त्या संहितेत होती आणि पोर्तुगीज भूमीवरील जन्म हा तिचा एक मुख्य आधार होता.

विसाव्या शतकात सालाझार यांच्या राजवटीत १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींचे दुय्यमत्व अधोरेखित केले. तथापि आफ्रिकेतील वसाहती व गोवा यांत एक मूलभूत फरक राहिला. अंगोला, मोझांबिक व गिनी येथील बहुसंख्य मूळ रहिवाशांना ‘देशी’ या वेगळ्या वर्गात टाकून त्यांना नागरिकत्वापासून दूर ठेवले होते. १९५४ मध्ये या भेदाची सुधारित संहिता निघाली आणि १९६१ मध्ये ती रद्द झाली. गोव्यास ती लागू नव्हती. कायद्याच्या दृष्टीने गोमंतकीय माणूस पोर्तुगीज नागरिक होता.

१९५१ मध्ये पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक भाग आहे, असा युक्तिवाद आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर करता यावा, हा या नामांतराचा एक हेतू होता. १९५९ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने पोर्तुगीज भूमीवर जन्मलेल्यांचे राष्ट्रीयत्व पुन्हा स्पष्ट केले. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांनी मडगावात सुरू केलेल्या आंदोलनापासून गोवा मुक्त व्हावा म्हणून सत्याग्रही तुरुंगात जात होते. त्याच काळात लिस्बनचे कायदे त्यांना आपले नागरिक म्हणत होते. हे नागरिकत्व देणाऱ्या राजवटीत भाषणस्वातंत्र्य नव्हते व खुल्या निवडणुका नव्हत्या. म्हणजेच आज ज्या हक्काला मोल आले आहे, तो मूळात गोव्यावरील सत्तेचा दावा टिकविण्याच्या धोरणाचा भाग होता.

एक तारीख, दोन राज्ये :

१८ व १९ डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईनंतर गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव यांचा समावेश २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय संघराज्यात झाला. तेथील माणसांच्या नागरिकत्वाचा निर्णय त्यानंतर घ्यावयाचा होता.

नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ७ अन्वये केंद्र सरकारने २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश काढला. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिच्या आईवडिलांपैकी कोणी, किंवा जिच्या आजी-आजोबांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले असेल, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारताची नागरिक समजली जाईल, असे या आदेशाने ठरविले. पूर्वीचे राष्ट्रीयत्व टिकवावयाचे असल्यास आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत तसे लेखी निवेदन करावयाचे होते.

हा आदेश बारकाईने वाचल्यास एक गोष्ट लक्षात येते. भारत सरकारनेही येथे आजी-आजोबांच्या जन्मस्थानाचा आधार घेतला. पुढे पोर्तुगालकडे नागरिकत्व मागणाऱ्या नातवाने जो पूर्वज दाखविला, तोच पूर्वज दाखवून दिल्लीने त्या घराण्याला भारतीय ठरविले होते. आजोबा एकच, जन्मनोंद एकच, आणि तिच्यावर दोन राज्यांचे दावे. वंशाधिष्ठित नागरिकत्व हे परदेशी लालसेतून उपजले असे मानणाऱ्यांनी हा आदेश अवश्य विचारात घ्यावा.

निवड करण्यासाठी दिलेली मुदतही अर्थपूर्ण आहे. पुदुच्चेरीच्या बाबतीत भारत व फ्रान्स यांच्यातील १९५६ चा हस्तांतरण करार १९६२ मध्ये अमलात आला, तेव्हा फ्रेंच राष्ट्रीयत्व निवडण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दोन्ही राज्यांच्या संमतीने ठरली होती. मुदत संपताच तेथील निवडीचा मार्ग बंद झाला. गोव्याचा ताबा करारातून आला नव्हता. भारताने एक महिना दिला. पोर्तुगालने सत्तांतरच मान्य केले नाही आणि म्हणून गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्व गेले असेही कधी म्हटले नाही. भारताच्या बाजूने एक महिन्यात मिटलेला प्रश्न पोर्तुगालच्या बाजूने मुदतीविना उघडा राहिला.

फादर मोंतेरो खटला :

ज्यांनी त्या एका महिन्यात पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखण्याचे निवेदन केले, ते आपल्याच गावात परदेशी ठरले. त्यांपैकी फादर मोंतेरो यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परदेशी नागरिक म्हणून त्यांना मिळालेला वास्तव्याचा परवाना संपल्यावर त्यांनी तो वाढवून घेतला नाही व देशही सोडला नाही. म्हणून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. गोवा हा लष्करी ताब्यातील प्रदेश असल्याने जिनिव्हा करारांचे संरक्षण आपणास मिळावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २६ मार्च १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रदेश भारतात सामील झाल्यावर लष्करी ताब्याची स्थिती संपली आणि मोंतेरो यांनी स्वतःच्या निवडीने परदेशी राहणे पत्करले, असा निर्णयाचा आशय होता.

या खटल्याने एक तत्त्व स्पष्ट झाले. जन्मभूमी व नागरिकत्व या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटू शकतात. ज्या भूमीत माणूस जन्मला व वाढला, तेथे राहण्याचा त्याचा अधिकार परवान्याच्या मुदतीवर अवलंबून राहू शकतो. पुढील काळात लिस्बनचा मार्ग धरणाऱ्या अनेकांना याच तत्त्वाचा अनुभव वेगळ्या रूपात आला.

१९७४ चा करार व पोर्तुगालचे कायदे :

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने पोर्तुगालमधील हुकूमशाही संपली. नव्या सरकारने वसाहतवादी धोरण सोडले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण व पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले आणि तेही ते प्रदेश भारतात सामील झाल्याच्या तारखांपासून. ३ जून १९७५ रोजी करार अमलात आला. भूमीचा वाद मिटला, परंतु माणसांच्या राष्ट्रीयत्वाचा प्रश्न या कराराने निकालात काढला नाही.

१९७५ मध्येच आफ्रिकेतील बहुतेक वसाहती स्वतंत्र झाल्या. त्या वेळी पोर्तुगालने काढलेल्या कायद्याने तेथील बहुसंख्य रहिवाशांचे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व संपले. त्याच कायद्यात मात्र, पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेले व आता या स्वतंत्र झालेल्या प्रदेशांत राहणारे लोक तशी इच्छा जाहीर करून राष्ट्रीयत्व राखू शकतील, अशी तरतूद होती. मोझांबिकसारख्या प्रदेशात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या गोमंतकीयांना तिचा उपयोग झाला. लॉरेन्सो मार्किश येथे जन्मलेला आफ्रिकी माणूस व मडगावात जन्मलेला गोमंतकीय यांच्यात लिस्बनने असा फरक केला.

३ ऑक्टोबर १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने पोर्तुगालने रक्ताच्या नियमास अधिक वजन दिले. परदेशात जन्मलेल्या पोर्तुगीज मातेच्या वा पित्याच्या अपत्याने आपला जन्म पोर्तुगीज नोंदणीत दाखल केला किंवा पोर्तुगीज होण्याची इच्छा जाहीर केली, की ते मूळचे पोर्तुगीज ठरते. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली व्यक्ती पोर्तुगीज मानली गेल्याने तिच्या अपत्यांना या कलमाचा आधार मिळाला. नातवंडांसाठी २००६, २०१५ व २०२० मध्ये वेगवेगळ्या दुरुस्त्या झाल्या.

नोंदींची साखळी :

प्रत्यक्ष व्यवहारात हा हक्क एखाद्या साखळीसारखा चालतो. प्रथम १९६१ पूर्वी जन्मलेल्या वडिलांची अथवा आईची जन्मनोंद लिस्बनमधील केंद्रीय नोंदणी कार्यालयात दाखल होते. मग त्यांच्या विवाहाची नोंद होते. त्यानंतर अपत्याची जन्मनोंद केली जाते. मधली एक कडी नसेल तर पुढची जोडता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून विवाहाची नागरी नोंदणी रूढ असल्याने विवाहाचा पुरावा अनेकदा मिळतो. नोंदवहीचे पान वाळवीने खाल्ले असेल, जन्मतारीख दोन कागदांवर निराळी असेल किंवा नाव बदलले असेल, तर मात्र सर्व साखळी अडते. नाव व आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. त्याचा वापर कागदांवरील नावे जुळविण्यासाठी होऊ लागल्याने पुढे शासनाला त्याबाबत कठोर भूमिका घ्यावी लागली.

ही साखळी गोव्यापुरती राहिली नाही. मुंबईत नोकरीसाठी गेलेल्या गोमंतकीयांच्या तेथे जन्मलेल्या मुलांना आईवडिलांच्या गोव्यातील जन्माचा आधार मिळतो. दमण व दीव येथील कुटुंबांनाही हा मार्ग खुला आहे. हिंदू, ख्रिस्ती व मुस्लिम असा भेद कायद्यात नाही. ख्रिस्ती कुटुंबांत चर्चच्या नोंदी व कागदपत्रांचा वापर यांची जुनी सवय असल्याने त्यांना साखळी जोडणे तुलनेने सोपे गेले असावे, असे म्हणता येईल.

संपादन की नोंद? :

भारताच्या राज्यघटनेचे अनुच्छेद ९ व नागरिकत्व अधिनियमाचे कलम ९ यांनुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व संपादन करणारी व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही. परदेशी पारपत्र घेणे हा तशा संपादनाचा निर्णायक पुरावा, असा नियम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो वैध ठरविला.

येथे दोन कायद्यांच्या भाषेत पेच निर्माण होतो. पोर्तुगीज कायद्यानुसार अशी व्यक्ती जन्मापासूनच पोर्तुगीज असते. नोंदणीने ते केवळ लेखी होते. तिने काही नवे संपादन केले असे लिस्बन मानत नाही. भारतीय कायदा स्वेच्छेने केलेल्या कृतीकडे पाहतो. ज्याने केवळ जन्मनोंद करून घेतली, परंतु पोर्तुगीज पारपत्र घेतले नाही, त्याचे भारतीय नागरिकत्व गेले काय, हा वाद गोव्यात विधानसभा निवडणुकीतील उमेदवारांच्या पात्रतेपर्यंत पोहोचला. पारपत्र घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र संदिग्धता नाही. त्यांना भारतीय पारपत्र परत करावे लागते, मतदार यादीतून नाव जाते आणि सार्वजनिक पदाचा अधिकार संपतो.

युरोपचे दार व त्यानंतर :

१ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय आर्थिक समुदायाचा सदस्य झाला. त्यामुळे पोर्तुगीज पारपत्राचे स्वरूप बदलले. ते घेणाऱ्यांपैकी अनेकांचे गंतव्यस्थान पोर्तुगाल नव्हते. सदस्य देशांत मुक्तपणे राहण्याच्या व काम करण्याच्या अधिकारामुळे असंख्य गोमंतकीय ब्रिटनमध्ये गेले. स्विंडन हे शहर त्यांच्या वस्तीमुळे गोव्यात घरोघरी परिचित झाले. ज्या राज्याची भाषा नातवाला येत नाही व ज्याच्या राजधानीत तो कदाचित कधी राहणार नाही, त्या राज्याचे नागरिकत्व त्याला इंग्लंडमधील गोदामात वा रुग्णालयात काम मिळवून देऊ लागले.

२०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्या वर्षाअखेर मुक्त संचार थांबला. त्यानंतर जाणाऱ्यांसाठी ब्रिटनचा हा मार्ग बंद झाला. युरोपीय संघातील इतर देशांचा मार्ग मात्र खुला राहिला.

नाण्याची दुसरी बाजू :

भारतानेही वंशाच्या आधारे परदेशस्थांशी नाते जोडले आहे. २००३ च्या दुरुस्तीने ‘भारताचा सागरपार नागरिक’ ही संकल्पना कायद्यात आली. १५ ऑगस्ट १९४७ नंतर जो प्रदेश भारताचा भाग झाला, त्या प्रदेशातील व्यक्ती व तिचे वंशज यांचाही या तरतुदीत उल्लेख आहे. गोवा व पुदुच्चेरी यांसारख्या प्रदेशांना तो लागू पडतो. नाव नागरिकाचे असले तरी या कार्डाने मताधिकार मिळत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान आंतोनियो कोश्ता भारतभेटीवर आले असता त्यांना असे कार्ड देण्यात आले. त्यांचे पितृघराणे मडगावचे आहे. ज्या नात्याने गोव्यातील नातू लिस्बनकडे जातो, त्याच नात्याने लिस्बनचा पंतप्रधान भारताकडे आला. त्यांना मात्र त्यासाठी आपले नागरिकत्व सोडावे लागले नाही, कारण हे कार्ड म्हणजे भारताचे पूर्ण नागरिकत्व नव्हे. गोव्यातून जाणाऱ्यांपैकी काहींना तर हे कार्डही सहजासहजी मिळाले नाही. पोर्तुगीज नागरिकत्वाची माहिती न दिल्याच्या कारणावरून ज्यांचे भारतीय पारपत्र रद्द झाले, त्यांच्याकडे ते समर्पित केल्याचा दाखला नव्हता. २०२४ मध्ये केंद्र सरकारने पारपत्र रद्द झाल्याचा दाखला पर्याय म्हणून, अटींसह, स्वीकारण्याची तयारी दाखविली.

निष्कर्ष :

१) गोमंतकीयांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील हक्क एका संपुष्टात आलेल्या सत्तेच्या दाव्यातून निर्माण झाला. गोवा हा आपला प्रांत आहे हे जगास पटविण्यासाठी पोर्तुगालने जे नागरिकत्व पुढे केले, ते सत्ता गेल्यावरही वारशाने उरले.

२) या हक्काचा आधार रक्तापेक्षा नोंद हाच आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी जन्मलेले मूल व त्यानंतर दोन दिवसांनी जन्मलेले मूल यांच्या रक्तात भेद नाही. कायद्याने त्यांचे भवितव्य मात्र वेगळे केले.

३) आजी-आजोबांच्या जन्माचा आधार प्रथम १९६२ मध्ये भारताने घेतला. त्यामुळे एकाच पूर्वजावर दोन राज्यांचे दावे उभे राहिले आणि निवड करण्याचा भार वंशजांवर पडला.

४) ही निवड विनामूल्य नाही. दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने युरोपातील रोजगारासाठी गावातील मतदानाचा हक्क सोडावा लागतो. एका घरातील थोरला भाऊ परदेशी व धाकटा भारतीय, अशी स्थिती त्यातून निर्माण होते.

५) पुदुच्चेरीप्रमाणे गोव्याच्या बाबतीतही निवडीची मुदत दोन्ही राज्यांनी संमतीने ठरविली असती, तर हा प्रश्न एका पिढीत मिटला असता. १९७४ च्या करारात ती संधी होती. भूमीचे प्रश्न सोडविताना माणसांच्या दर्जाचा प्रश्न मागे ठेवला तर तो पुढील पिढ्यांच्या दारात उभा राहतो, हे या इतिहासातून दिसून येते.

जातीचा दाखला असो, प्रकल्पग्रस्ताचा दाखला असो की नागरिकत्वाचा, वंशावळ मागणारे राज्य अर्जदाराला पूर्वजांविषयी एकच प्रश्न विचारते: ठरविलेल्या तारखेपूर्वी त्यांचे नाव आमच्या वहीत होते काय? ज्यांच्या पूर्वजांचे नाव कोणीही लिहून ठेवले नाही, त्यांच्या नशिबी लिस्बनही येत नाही आणि तहसील कचेरीतील दाखलाही येत नाही. म्हणून जुन्या नोंदवह्यांचे जतन हा केवळ इतिहास अभ्यासकांच्या आस्थेचा विषय राहत नाही. सामान्य माणसाच्या हक्कांचे ते संरक्षण होय.